ऑस्करचं नाव फळ्यावर

प्रिस्का टीचरबद्दल दोन चांगले शब्द लिहा असं मला कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ते सहजासहजी लिहिले नसते. ती बाई मला कधीच आवडली नाही. आमच्या आळीत पंचावन्न वर्षं काढून जी कुणाच्या पुढेपुढे करत नाही, सणाच्या दिवशी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर कुणाच्या साडीचं कौतुक करत नाही, ती कुणाला आवडेल? पण ज्यांना ती आवडत नाही त्यांची मला जास्त शिसारी येते, आणि त्यांच्यात मीही आहे. म्हणून लिहितो.

मी सॅन्टन. वसई तालुक्यात गासच्या अलीकडे आमची आळी आहे. आधी सगळ्या केळीच्या वाड्या होत्या, आता निम्म्या वाड्यांवर गेट आणि गेटमागे बंगले. मुंबईत सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी करून मी घरी बसलो, तेव्हा आळीच्या मंडळाने मला सेक्रेटरी केलं. म्हणजे सभांचं इतिवृत्त लिहायचं आणि नाक्यावरचा फळा लिहायचा. नाक्यावर क्रूस आहे, त्याला तीन पायऱ्यांचा ओटा, आणि बाजूच्या भिंतीवर काळा फळा. आळीत कोणी गेलं की त्याचं नाव मी त्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो आणि खाली अंत्यविधीची वेळ. सभेची सूचना, टाकी धुण्याचा दिवस, हेही कोपऱ्यात लिहितो, पण ते कोणी वाचत नाही. मोठ्या अक्षरांत नाव आलं की माणूस गेला, हे मात्र आळीतलं शेंबडं पोरही जाणतं.

गेली दोन वर्षं माझा हात थरथरतो. अक्षरं फेंगडी येतात, वेलांट्या रस्ता सोडून जातात. माझ्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, कारण सेक्रेटरीचं काम फुकटात दुसरा कोणी करणार नव्हता.

आता प्रिस्का. तिची आई सोपाऱ्याच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायची. पोरगी बारावी झाली, बालवाडीचा कोर्स केला आणि मंडळाच्या हॉलमध्ये बालवर्ग काढून बसली. त्याला आता तीस वर्षं होत आली. मध्ये एकदा तिचं लग्न ठरलं होतं. लग्नानंतर नोकरी सोडायची, असं मुलाच्या आईने सांगितलं. प्रिस्काने मुलगाच सोडला. आळीने त्यावर सहा महिने तोंडसुख घेतलं. तेव्हा माझी बायको हयात होती, ती म्हणायची, पोरांची नाकं पुसण्यासाठी कोणी नवरा सोडतं का? मी हसलो होतो.

आणि नुसती नाकं पुसली असती तरी चाललं असतं. शिकवायची तिची तऱ्हाच वाकडी. आम्ही ग म भ न गिरवत शिकलो, हातावर पेरूची छडी खात शिकलो, आणि सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलो. प्रिस्काच्या वर्गात जून-जुलै उलटला तरी पोरांच्या वह्या कोऱ्या. आईबापांनी विचारलं तर म्हणायची, "आधी त्यांना कळू दे की लिहितात कशाला. मग कसं लिहितात ते शिकवते." असलं उत्तर ऐकून कुठल्या बापाचं समाधान होणार?

ती पोरांची रांग घेऊन आळीत फिरायची. पाण्याच्या टँकरवर काय लिहिलंय, औषधाच्या बाटलीवर काय, शेजारणीच्या मिठाच्या पुडीवर काय, ते बघायचं. पुस्तक कुठून उघडायचं, ओळ कुठून सुरू होते, चित्र वाचायचं नसून बाजूची काळी काळी रांग वाचायची असते, असल्या गोष्टींवर तिचे दिवस जायचे. मोठी माणसं या गोष्टी शिकवाव्या लागतात हेच विसरलेली असतात. मीही विसरलो होतो, आणि ती वेळ काढते असं माझं मत होतं.

पोराचा पहिला शब्द कमळ नाही, बदक नाही. ती प्रत्येकाला विचारायची, "तुला काय लिहायचंय?" आणि पोरगं जे मागेल ते त्याला द्यायची. मेलरॉयने ट्रॅक्टर मागितला. चार वर्षांचं पोर, त्याला ट्रॅ लिहिता येईपर्यंत पावसाळा संपला. एका पोरीने कोलंबी मागितली. तिचा बाप माझ्याकडे तक्रार घेऊन आला की, "आम्ही काय हिला मासळी विकायला बसवनार हाय?" मी तक्रार नोंदवून घेतली. तक्रारी नोंदवण्यात मला कधी कंटाळा आला नाही.

मंडळाचा अध्यक्ष फ्लॉईड. त्याच्या बंगल्याच्या गेटवर 'कुत्र्यापासून सावध' अशी पितळी पाटी आहे. प्रिस्काने रांग तिथे थांबवली. पोरांनी पाटी वाचून घेतली आणि कुत्रा कुठाय, कुत्रा कुठाय म्हणून गेट हलवलं. फ्लॉईडने आयुष्यात कुत्रा पाळलेला नाही. तो बनियनवर बाहेर आला, तेव्हा प्रिस्का पोरांना सांगत होती, "कुत्रा नाय. नुसतं लिहिलंय. लिहिलेलं असतं ते सगळंच खरं नसतं, म्हणून नीट वाचायचं." एकवीस पोरं फ्लॉईडकडे टकमक बघत होती. तो अपमान त्याने गिळला, पण पचवला नाही.

आणि ती पोरांना माझ्या फळ्यासमोरही उभं करायची. फळ्यावर कुणाचं नाव असलं की तीन प्रश्न: हे कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, वाचून लोक काय करतात? मयताच्या फळ्यासमोर पाच वर्षांची पोरं! मला हे अभद्र वाटायचं. मी तिला तसं बोललोही. ती म्हणाली, "सॅन्टन, अख्ख्या आळीत लोक थांबून वाचतात असं हे एकच. दुसरीकडे कुठं नेऊ, ते सांग." मला सुचलं नाही, म्हणून राग जास्त आला.

तर अशा या बालवर्गावर गंडांतर आलं ते अश्लेषा मॅडमच्या रूपाने. माणिकपूरला त्यांची इंग्रजी प्री-स्कूल आहे, आणि दुसरी शाखा काढायला त्यांना आमचा हॉल हवा होता. टाइल्स बसवणार, एसी लावणार, भिंतीवर मोठा स्क्रीन लावणार. मार्चच्या सभेत ठरायचं होतं: जूनपासून हॉल प्रिस्काकडे ठेवायचा की मॅडमना द्यायचा. प्रिस्काकडे हॉल सोडून दुसरी जागा नव्हती. हॉल गेला की वर्ग गेला, तीस वर्षं गेली.

फ्लॉईड आणि मी माणिकपूरची शाळा बघायला गेलो. काय तो थाट! प्रत्येक वस्तूवर तिचं नाव चिकटवलेलं. दारावर 'डोअर', खिडकीवर 'विंडो', घड्याळावर 'क्लॉक', रंगीत, चकचकीत, छापून आणलेलं. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे मूल अक्षरांच्या वातावरणातच वाढतं." सगळ्या पट्ट्या माझ्या नाकासमोर होत्या. पोरांच्या नाकासमोर कोरी भिंत होती. फोटोत छान यावं म्हणून मोठ्या माणसाच्या उंचीवर लावल्या होत्या, आणि त्या खोलीत ते वाचणारे आम्ही दोघंच होतो. मला हे दिसलं. छत्तीस वर्षांच्या कारकुनीत एवढं तरी दिसायला शिकलो होतो. पण माझा नातू एल्रॉय तीन वर्षांचा होता, सुनेला तो इंग्रजीतच हवा होता, आणि घरात शांतता मला हवी होती. मी म्हणालो, "फारच सुंदर."

मग पोरांनी टाळ्या वाजवत ए टू झेड म्हटलं. एक पोरगं मध्येच थांबलं तर बाकीच्यांच्या आवाजात झाकून गेलं. फ्लॉईडच्या डोळ्यांत पाणी आलं. फ्लॉईडच्या डोळ्यांत एसीकडे बघूनही पाणी आलं असतं.

सभेला पंधरा दिवस उरले असताना, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी, फळ्यावर नाव आलं. ऑस्कर.

ऑस्कर कोण, ते सांगतो. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं त्याने आळीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. आळीतलं एक लग्न, एक सण, एक मयत त्याच्याशिवाय झालं नाही. माझ्या लग्नात त्याने पहाटेपर्यंत वाजवला आणि घरी जाताना ओठ सुजले म्हणून हसत होता. मग त्याला झटका आला, उजवी बाजू गेली. बायको आधीच वारली होती, मुलगा बहारीनला. सुरुवातीला लोक जायचे, सफरचंदं न्यायचे. मग जाणं बंद झालं. कोणी ठरवून बंद केलं नाही. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा जात असेल. सकाळ-संध्याकाळ डबा द्यायला एक पोरगा येई तेवढाच. शेजारच्या मर्लिनची पोर बेला दुपारी त्याच्या ओटीवर खेळायची. मर्लिन हॉस्पिटलात नर्स आहे, तिची पाळी सुटेपर्यंत पोरीला ठेवायला तिला जागा हवी होती, एवढाच त्यातला शेजारधर्म. माझं घर ऑस्करच्या घरापासून सहावं. मी किती दिवसांत गेलो नव्हतो, ते मला विचारू नका.

त्या दुपारी मी झोपलो होतो. फळ्यावर 'ऑस्कर' एवढंच होतं, मोठ्या फेंगड्या अक्षरांत. खाली वेळ नव्हती. कोणाला शंका यायला हवी होती की नाही? नाही आली. आमची आळी शहाणी. वेळ का नाही, याचं उत्तर लोकांनी स्वतःच शोधलं: मुलगा बहारीनहून यायचाय, म्हणून सॅन्टनने वेळ लिहिली नाय. मुलगा कुठल्या विमानाने येतोय हेसुद्धा दोघा-तिघांना माहीत होतं. कोणीतरी फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. 'आळीचा हिरा हरपला.' हिरा सहा घरं पलीकडे चहात खारी बुडवत होता. एकाने फोन करून विचारलं नाही, एकाने दार वाजवून बघितलं नाही.

अर्ध्या तासात आळी जमली. मयताला जावं तर आमच्या लोकांनी. पांढरे शर्ट, काळ्या साड्या, मेणबत्त्या. पोरांनी हॉलमधल्या खुर्च्या टेम्पोत टाकून आणल्या. फ्लॉईडने पुष्पचक्र आणलं, त्यावर मंडळाच्या नावाची पट्टी. सगळ्यांत पुढे फ्लॉसी. फ्लॉसीला रडायला कारण लागत नाही, तिथे तर कारण होतं. गेटपासूनच तिने सूर लावला, "ऑस्कऽर, गेलास रेऽ!"

ओटीवरच्या खुर्चीतून ऑस्कर म्हणाला, "कुठं?"

हे मला नंतर दहा जणांनी सांगितलं, आणि दहाही जण सांगताना हसले. त्या वेळी कोणी हसलं नाही. फ्लॉसी पायरीवरच बसली. मागचे लोक पुढे ढकलत होते, कारण त्यांना प्रेत बघायचं होतं. ऑस्करला काही कळेना, पण माणसं दिसली. त्याने डाव्या हाताने खारीची पुडी पुढे केली. "आलात? बसा, बसा. खुर्च्या पन आनल्यात का? बेला, पानी दे सगळ्यांना." त्याचं तोंड वाकडं झालेलं आहे, त्यामुळे तो हसतोय की रडतोय ते नीट कळत नाही. पण तो एकेकाचं नाव घेऊन हाक मारू लागला. त्रेसष्ट माणसं होती. त्याने निम्म्यांना तरी नावानं हाक मारली.

आणि आमचे लोक? बसले असतील असं वाटतं ना? पाच मिनिटांत गेट रिकामं. कुणाचा गॅस चालू राहिला होता, कुणाला वसईला जायचं होतं. माणूस जिवंत निघाल्याचा आनंद एकाच्या तोंडावर नव्हता. आपण फसलो याचा संताप मात्र सगळ्यांच्या. खुर्च्या परत टेम्पोत चढल्या. फ्लॉईड पुष्पचक्र घेऊन फुलवाल्याकडे गेला, फुलवाला परत घेईना, तेव्हा ते क्रुसाला टेकवून ठेवलं. बेला पाण्याचे पेले ट्रेमध्ये मांडून बाहेर आली, तेव्हा ओटीवर ऑस्करशिवाय कोणी नव्हतं.

मग लोंढा माझ्या दारात आला. "सॅन्टन, तुला अक्कल हाय का? जित्या मानसाला मारलंस!" मी झोपेतून उठलेलो. मी लिहिलं नाही म्हणालो, तर फ्लॉईड म्हणाला, अक्षर तुझंच आहे. मी म्हणालो, माझं अक्षर असलं नाही. त्याने वही पुढे केली, "लिही. ऑस्कर लिही." चाळीस माणसांसमोर मी लिहिलं. हात रोजच्यापेक्षा जास्त हलला. लोकांनी वही आणि मोबाइलवरचा फोटो शेजारी शेजारी धरला. फ्लॉसीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "फळ्यावरचं जरा बरं हाय."

तेवढ्यात ट्रे धुऊन, हात फ्रॉकला पुसत बेला आली. गर्दी कसली म्हणून पुढे घुसली, फोटो बघितला आणि छाती फुगवून म्हणाली, "मी लिहिलं! क्रुसाच्या पायरीवर चढून लिहिलं." ती शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

शाबासकी मिळाली ती फ्लॉईडला. पोरगी प्रिस्काच्या वर्गातली, म्हणजे त्याला हवं होतं ते आयतं हाती आलं. बालवर्गात काय शिकवतात, बघा! त्या संध्याकाळपासून आळीत एकच विषय. ऑस्कर दोन वर्षं एकटा बसलाय, हा विषय नव्हता.

मार्चच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर सभा भरली. अकरा सभासद, त्यांत फ्लॉसीही, समोर प्रिस्का, मर्लिन आणि बेला. अश्लेषा मॅडमनी सगळ्यांसाठी केक पाठवला होता. फ्लॉईड म्हणाला, "प्रिस्का, तू माफी माग, मग पुढचं बघू." मला ठाऊक होतं की पुढचं आधीच बघून झालंय. घरोघरी हात वर करायचं ठरून आलं होतं.

प्रिस्का उठली. "माफी कुणाची?"

"आळीची. सगळ्यांना मनस्ताप झाला."

"ऑस्करला झाला का? त्याला विचारलंत?"

कोणी विचारलं नव्हतं. प्रिस्का म्हणाली, "त्या दिवसापासून मी रोज जाते त्याच्याकडे. तो विचारतो, परत कधी येनार सगळे. मी काय सांगू त्याला?"

"विषयाला धरून बोल," मी म्हणालो. सेक्रेटरी होतो ना.

"विषयाला धरूनच बोलते. हिने जानेवारीत माझ्याकडे हा शब्द मागितला. मी दिला. कशाला हवाय ते मी विचारलं नाय, ती माझी चूक. आता विचारते." ती खाली बसली, पोरीच्या डोळ्यांना डोळे भिडतील एवढी. "बेला, फळ्यावर ऑस्कर का लिहिलंस?"

बेलाला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. ती म्हणाली, "फळ्यावर नाव लिवलं का सगळी मानसं त्याच्या घरी जातात. ऑस्कर आजाकडे कोन येतच नाय."

फ्लॉसीने रुमाल काढला, आणि या वेळी तिला खरंच रडू आलं नाही, नुसता रुमाल हातात राहिला. पाच वर्षांच्या पोरीला लिहिणं म्हणजे काय ते कळलं होतं: लिहिलं की माणसं हलतात. आम्हा अकरा जणांत एकाने तरी असं काही लिहिलंय का, ज्याने एक माणूस दुसऱ्या जिवंत माणसाच्या दारात गेला? मी कचेरीत छत्तीस वर्षं लिहिलं, त्याने माणसं दारातून परत गेली.

मला वाटलं, आता फ्लॉईड गप्प बसेल. फ्लॉईडला मी ओळखत नव्हतो असं नाही, तरी वाटलं. त्याने घसा खाकरला. "ते ठीक आहे. भावना ठीक आहे. पण शिस्त नावाची गोष्ट असते. मतदान घेऊ."

आठ विरुद्ध तीन. हॉल जूनपासून अश्लेषा मॅडमना. आठवा हात माझा. तो हात त्या दिवशी अजिबात थरथरला नाही.

प्रिस्काने पर्स खांद्याला अडकवली. "बरं. मग आम्ही ऑस्करच्या ओटीवर बसतो. जागा मोठी हाय, आनि तिथं तुमच्यातलं कोनी येत नाय." तिने केकला हात लावला नाही. बाकीच्यांनी लावला.

सभा संपली, लोक पांगले. मी टेबलाशी इतिवृत्त लिहीत बसलो. प्रिस्का आणि मर्लिन दारात बोलत उभ्या होत्या. झाला प्रकार कसा नोंदवायचा? 'आजोबांकडे कोणी जात नाही म्हणून' असं लिहिलं असतं तर ते रजिस्टरमध्ये कायमचं राहिलं असतं, पन्नास वर्षांनी कोणीही वाचलं असतं. अशा वेळी काय लिहायचं, ते कारकुनाला शिकवावं लागत नाही. मी लिहिलं: 'बेला हिने खोडसाळपणे लिहिले.' पूर्णविराम. बाकी ओळ कोरी.

कोपराशी बेला येऊन उभी होती. "हे माझं नाव हाय," ती म्हणाली आणि 'बेला'वर बोट ठेवलं. "तू माझं काय लिवलं? वाच."

मी हसून वाचलं, "बेला ही आपल्या आळीची फार हुशार मुलगी आहे."

तिने माझ्या शब्दांबरोबर बोट सरकवलं. एक शब्द, एक उडी. मधली मोकळी जागा ओलांडायची आणि पुढच्यावर टेकायचं. 'आळीची'ला बोट शेवटच्या शब्दावर आलं. माझं तोंड चालूच होतं. बोट कोऱ्या कागदावर गेलं आणि थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. "इथं काय नाय. तू कुठलं वाचतोस?"

कारकून होतो. चार शब्द आहेत तर चारच द्यावेत. मी म्हणालो, "चुकलो. बेला हुशार मुलगी आहे."

तिने पुन्हा चार उड्या मारल्या, शेवटच्या शब्दावर बोट दाबून धरलं आणि वाकून बराच वेळ बघितला. "हे 'आहे' नाय. 'आहे' मला येतं."

ती पोर माझ्याकडे रागाने बघत नव्हती, तिला माझी कीव आली होती. दाराकडे वळून तिने हाक मारली, "टीचर, सॅन्टन आजाला वाचताच येत नाय! याला पन ऑस्कर आजाच्या ओटीवर बसवू या ना आपल्यात!"

प्रिस्का आली. माझ्या खांद्यावरून वाकून तिने ती ओळ वाचली. मग माझ्याकडे बघितलं, ते ज्या नजरेने मी जन्मभर आळीकडे बघत आलोय त्याच नजरेने.

"येतं गं त्याला वाचता," ती बेलाला म्हणाली. "चल."

त्या दोघी गेल्या. पेन माझ्या हातात होतं, ओळ खोडायला एक रेघ पुरली असती. एप्रिलच्या सभेत ते इतिवृत्त मीच वाचून दाखवलं, शब्दन् शब्द, कुठेही न अडखळता, आणि ते एकमताने कायम झालं.